रक्तपेढीच्या परीक्षेत पन्नास टक्के चालतील का?

यवतमाळ : बारावी सायन्स झालं की गावातल्या पोरापोरींपुढे आता नर्सिंग, फार्मसीच्या बरोबरीनं डीएमएलटी आणि बीपीएमटी ही नावं येतात. फी भरायला कोणी सोयाबीनचा पैसा लावतं, कोणी बैलजोडी विकतं. शिकून बाहेर पडलेले काही जण खासगी लॅबमध्ये लागतात, काही रक्तपेढीत. लॅबमध्ये साखरेचा आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासता येतो. रक्तपेढीतून चुकीची पिशवी गेली आणि रुग्णाच्या शिरेत सुरू झाली, तर पुन्हा तपासायला वेळ मिळेलच असं नाही.

म्हणून एक साधा प्रश्न विचारायची वेळ आली आहे. रक्तपेढीत काम करणारा विद्यार्थी पास झाला, म्हणजे नेमका कशात पास झाला?

हा प्रश्न आता विचारण्याला कारण आहे. २०२१ साली संसदेनं नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स हा कायदा केला. डॉक्टर आणि नर्स सोडून दवाखान्यात जे तंत्रज्ञ काम करतात, त्यांचं शिक्षण, नोंदणी आणि दर्जा देशभर एकसारखा करणं हा त्याचा उद्देश. लॅब तंत्रज्ञ त्यात येतात. शिक्षण संपल्यावर एकसारखी निर्गम किंवा परवाना परीक्षा घेण्याचीही तरतूद या कायद्यात आहे. ती परीक्षा नुसती प्रश्नपत्रिकेची असेल, की हातातलं काम पाहणारी असेल, यावर पुढं बरंच ठरणार आहे.

गावाचा संबंध काय?

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके. उमरखेड किंवा वणी जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८९ पासूनचं. तिथली रक्तपेढी हा जिल्ह्याचा मोठा आधार. पण उमरखेडचा माणूस अडचणीत नांदेड गाठतो, वणीचा माणूस चंद्रपूर. रात्री बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, तर हे अंतर मोठं होतं.

हे अंतर कमी करण्यासाठी सरकारनं रक्त साठवण केंद्रांची सोय ठेवली आहे. वर्षाला दोन हजार पिशव्यांपर्यंत साठा देणाऱ्या अशा केंद्राला पूर्ण परवाना लागत नाही, शासनाची मान्यता लागते. तिथं रक्त गोळा करत नाहीत. मोठ्या रक्तपेढीतून आलेल्या पिशव्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहायच्या आणि द्यायच्या. म्हणजे तपासणीचा शेवटचा टप्पा तालुक्याच्या दवाखान्यातल्या तंत्रज्ञाच्या हातात. रात्री तो एकटाच असू शकतो. विचारायला बाजूला मोठे डॉक्टर नसतात.

दुसरा मुद्दा सिकलसेलचा. आपल्या भागात कोलाम, गोंड आणि इतर काही समाजांत हा आजार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार हटवणं, हे त्याचं लक्ष्य. सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला रक्त लागत नाही. पण ज्याला लागतं, त्याला अनेकदा वारंवार लागतं. थॅलेसेमियाच्या लेकराला तर दोन ते चार आठवड्यांनी पिशवी चढवावी लागते.

असं अनेकदा रक्त चढलं की काहींच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. मग नुसता रक्तगट सारखा असून भागत नाही. पहिल्या पिशवीला जेवढी काळजी लागते, त्याहून जास्त काळजी विसाव्या पिशवीला लागते. ती काळजी घेता येणारा माणूस तयार झाला आहे की नाही, हे परीक्षेत कळलं पाहिजे.

कायदा काय मागतो?

रक्तपेढी हे औषध कायद्याखाली चालणारं काम आहे. रक्ताची पिशवी कायद्याच्या भाषेत औषधच. म्हणून परवाना अन्न व औषध प्रशासन बघतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ‘रक्तपेढी’च्या जागी ‘रक्तकेंद्र’ हा शब्द आला, लोकांच्या तोंडी अजून रक्तपेढीच आहे.

या नियमांत तंत्रज्ञासाठी अट आहे. लॅब टेक्नॉलॉजीची पदवी असेल तर रक्त तपासणीचा सहा महिन्यांचा अनुभव, पदविका म्हणजे डीएमएलटी असेल तर एक वर्षाचा अनुभव. पदवी किंवा पदविका सरकारनं मान्य केलेल्या संस्थेची पाहिजे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी अभ्यासक्रमात तर रक्त संक्रमण तंत्रज्ञ अशी वेगळी शाखा आहे. तीन वर्षं शिक्षण आणि मग इंटर्नशिप. डॉक्टरांसाठी रक्त संक्रमण शास्त्रात एमडी आहे.

हे विशेष शिक्षण सहज आलेलं नाही. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. पैसे घेऊन रक्त विकण्याचा धंदा दोन वर्षांत बंद करा, सगळ्या रक्तपेढ्या परवान्याखाली आणा, असं त्यात सांगितलं. रक्त गोळा करणं, साठवणं आणि चढवणं यांचे खास पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू व्हावेत, हेही त्याच निकालात आहे. रक्तदाता सुधारला तरी तपासणारा तयार पाहिजे, हे न्यायालयानं तेव्हाच ओळखलं होतं.

पण अटीतला शब्द बघा, ‘अनुभव’. सहा महिने किंवा एक वर्ष. हा काळाचा हिशेब झाला. एक वर्ष रक्तपेढीत काढलेला मुलगा रोज क्रॉसमॅच करत असेल, किंवा वर्षभर रजिस्टर लिहून आणि नळ्या धुऊन काढलेलं असेल. दोघांच्या दाखल्यावर ‘एक वर्ष’ सारखंच दिसतं. त्या वर्षात काय शिकला, हे मोजायला मूल्यमापनच लागतं.

निम्म्या गुणांचा हिशेब

आरोग्याच्या बहुतेक अभ्यासक्रमांत लेखी आणि प्रॅक्टिकल यांत निम्मे गुण मिळाले की विद्यार्थी पास. इतिहास-भूगोलाला हे चालतं. रक्तपेढीत अडचण वेगळी आहे.

शेतकऱ्याला हे लवकर समजेल. पेरणीआधी आपण सोयाबीनची उगवण तपासतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सत्तर उगवले तर बियाणं चालतं. थोडे कमी उगवले तर एकरी बियाणं थोडं वाढवतो आणि भर काढतो. शेतात टक्केवारी चालते, कारण न उगवलेल्या दाण्याची जागा दुसरा दाणा घेतो. रक्ताच्या पिशवीचं तसं नाही. शंभरपैकी नव्याण्णव पिशव्या बरोबर दिल्या, म्हणून शंभराव्या रुग्णाची भर निघत नाही.

आता प्रॅक्टिकलचा हिशेब बघा. समजा एका विद्यार्थ्यानं फ्रिजचं तापमान बरोबर सांगितलं, पिशवीची मुदत सांगितली, व्हायवात चटपटीत उत्तरं दिली, जर्नल सुबक लिहिलं. पण नळीवर रुग्णाचं नाव लिहायला विसरला. बेरीज केली तर साठ-पासष्ट गुण होतात आणि पोरगा पास. पण खऱ्या कामात नाव नसलेली ती एकच नळी जीव घेऊ शकते. चुकीच्या गटाचं थोडं रक्त गेलं तरी तांबड्या पेशी फुटतात, मूत्रपिंड बंद पडू शकतं, माणूस दगावू शकतो.

बेरजेच्या गुणांचा घोळ इथंच आहे. सोप्या कामातले गुण अवघड कामातली चूक झाकून टाकतात. म्हणून या शिक्षणात काही पायऱ्या अशा ठरवल्या पाहिजेत, की तिथं चूक झाली तर बाकी कितीही गुण असले तरी विद्यार्थी नापास. पुन्हा शिकायचं, पुन्हा करून दाखवायचं.

त्या पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी ओळख पटवण्याची. एका वॉर्डात दोन राठोड, तीन चव्हाण, दोन आत्राम असणं आपल्या जिल्ह्यात नवल नाही. नाव सारखं, गाव शेजारचं. ‘तुम्ही सुनीताबाई ना?’ असं विचारलं तर घाबरलेली बाई मान हलवते. बरोबर पद्धत म्हणजे ‘तुमचं पूर्ण नाव काय, गाव कोणतं?’ असं विचारून उत्तर कागदाशी जुळवायचं. रक्त घेतल्यावर नळीवर नाव, नंबर तिथंच, खाटेजवळच लिहायचं. कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या रुग्णाशी विद्यार्थी कसा बोलतो, नातेवाइकाची मदत घेतो का, हेही बघितलं पाहिजे. हे लेखी परीक्षेत दिसत नाही.

दुसरी पायरी रक्तगट दोन्ही बाजूंनी तपासण्याची. रुग्णाच्या पेशी तयार औषधाशी मिसळून बघणं ही एक बाजू. रुग्णाचं सिरम माहीत असलेल्या पेशींशी मिसळून बघणं ही दुसरी, तिला रिव्हर्स ग्रुपिंग म्हणतात. दोन्हींचं उत्तर जुळलं तरच गट लिहायचा. घाई असली की दुसरी बाजू वगळायचा मोह होतो.

ती का वगळायची नाही, याचं उत्तर महाराष्ट्रातच सापडलेलं आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ रक्तगट शोधला. जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एखाद्याचा हा गट असतो. नुसत्या पहिल्या बाजूनं तपासलं तर हा माणूस ‘ओ’ गटाचा दिसतो. पण त्याचं सिरम ‘ओ’ गटाच्या पेशींनाही गुठळ्या करतं. त्याला साधं ‘ओ’ रक्त दिलं तर घात होतो. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये ‘ओ’ पेशी वापरल्या तरच ही गोष्ट पकडता येते. ‘बॉम्बे गट कोणी शोधला?’ या प्रश्नाला एक गुण देण्यापेक्षा, विद्यार्थी ‘ओ’ पेशींची नळी लावतो का हे बघणं जास्त मोलाचं.

तिसरी पायरी क्रॉसमॅचची. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं सिरम एकत्र करून बघायचं. नुसत्या सलाईनमध्ये बघितलं तर काही अँटिबॉडी दिसत नाहीत. त्यासाठी कूम्ब्स पद्धतीची पुढची तपासणी लागते. ज्यांना आधी रक्त चढलं आहे, ज्या बायांची बाळंतपणं झाली आहेत, त्यांच्यासाठी ही फार महत्त्वाची. नळीत गुठळी दिसली नाही, म्हणजे रक्त जुळलं की औषधच काम करत नव्हतं? हे कळण्यासाठी शेवटी कंट्रोल पेशी टाकतात. त्या टाकल्यावर गुठळी दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर आधीची सगळी तपासणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. चांगला विद्यार्थी इथं ओळखू येतो. त्याला ‘सगळं ठीक’ म्हणायची घाई नसते.

चौथी पायरी डोळ्याची. गुठळी शून्यापासून चारपर्यंत मोजतात. जिनिंगवर कापसाची प्रत बघणाऱ्याला जसा सराव लागतो, तसाच इथंही. घट्ट गुठळी कोणालाही दिसते, बारीक गुठळी सरावलेल्या डोळ्यालाच. आरएच तपासणीत अशी कमजोर प्रतिक्रिया सुटली तर दाता पॉझिटिव्ह असून पिशवीवर निगेटिव्हचं लेबल लागतं. ते रक्त आरएच निगेटिव्ह मुलीला गेलं तर पुढं तिच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ शकतो.

पाचवी पायरी साठवणीची. तांबड्या पेशींची पिशवी दोन ते सहा अंश तापमानात, प्लेटलेट वीस ते चोवीस अंशांत हलत्या यंत्रावर, फक्त पाच दिवस. प्लाझ्मा उणे तीस अंशांखाली. फ्रिजबाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलेली रक्ताची पिशवी परत साठ्यात घ्यायची नाही. आकडे पाठ असतात सगळ्यांना. भारनियमनात लाईट गेली, जनरेटर लागला नाही, तर विद्यार्थी काय करतो, कोणाला फोन करतो, रजिस्टरमध्ये खरी वेळ लिहितो का, हे बघायचं.

शिबिरातली परीक्षा

सहावी पायरी रक्तपेढीच्या बाहेर आहे. गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंतीला गावोगाव रक्तदान शिबिरं होतात. दात्याचं वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन निदान साडेबारा, हे मोजता येतं. पण आजार, औषधं, टॅटू, असुरक्षित संबंध याबद्दलचे प्रश्न खासगीत विचारावे लागतात. मंडळाची पोरं रांगेत उभी असताना मोठ्यानं विचारलं तर खरं उत्तर कोण देणार?

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. तरी लागण झाल्यावर सुरुवातीच्या काही दिवसांत साध्या तपासणीत विषाणू सापडत नाही. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची चार बालकं एचआयव्ही बाधित झाल्याचं आणि त्यातल्या एकाचा मृत्यू झाल्याचं समोर आलं. आरोग्य विभागाला चौकशी लावावी लागली. तेव्हा चर्चा महागड्या नॅट तपासणीची झाली, ती तेव्हा सक्तीची नव्हती. ती चर्चा योग्यच होती. पण त्या सुरुवातीच्या काळात पहिली चाळणी दात्याशी होणारं बोलणंच असतं. ते बोलणं शिकवावं लागतं आणि तपासावंही लागतं. विद्यार्थ्यानं शिबिरात किती पिशव्या भरल्या याची शाबासकी होते, किती दात्यांना नीट विचारून नम्रपणे परत पाठवलं याची होत नाही.

बाहेर हे कसं मोजतात?

ही अडचण जगात सगळीकडे होती. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथं रोनाल्ड हार्डेन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी नवी परीक्षा मांडली. खोलीत टेबलं लावायची, प्रत्येक टेबलावर एक काम, ठरावीक मिनिटं. परीक्षकाकडे आधीच ठरवलेली यादी, केलं की खूण, नाही केलं की फुली. त्यामुळे ‘हा आपल्या ओळखीचा’ किंवा ‘बोलण्यात हुशार’ याला जागा कमी राहते. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांत ही पद्धत ओळखीची आहे.

१९९० साली अमेरिकेतले जॉर्ज मिलर यांनी चार पायऱ्या सांगितल्या. माहीत आहे. कसं करायचं ते माहीत आहे. करून दाखवतो. आणि रोजच्या कामात खरंच करतो. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते, प्रॅक्टिकल तिसरीवर. रुग्णाला गरज चौथीची असते.

ती चौथी पायरी अमेरिकेच्या लॅब कायद्यात सक्तीनं तपासतात. काम करताना समोर उभं राहून बघणं, निकाल कसे लिहितो हे बघणं, नोंदवह्या तपासणं, यंत्राची देखभाल बघणं, ओळख न सांगता तपासायला नमुने देणं आणि अडचण कशी सोडवतो हे विचारणं, अशा सहा गोष्टी. पहिल्या वर्षी दोनदा, नंतर दरवर्षी. तिथं ‘स्पेशालिस्ट इन ब्लड बँकिंग’ अशी वेगळी पात्रता आहे. पण ते प्रमाणपत्र असलं तरी लॅबमधली ही तपासणी चुकत नाही. पंधरा वर्षांपूर्वी पास झालेल्यालाही पुन्हा दाखवावं लागतं.

ब्रिटनमध्ये १९९६ पासून रक्त चढवण्यातल्या चुकांची देशभर नोंद ठेवतात. तिथल्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट पुढे येते. बहुतेक घटनांच्या मुळाशी माणसाची चूक असते, आणि त्यातही ओळख पटवण्यातली ढिलाई. थोडक्यात वाचलेल्या घटनाही तिथं नोंदवतात. भारतातही १० डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. नोएडाची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्स तो चालवते. नोंद करणाऱ्याला शिक्षा व्हावी हा त्याचा हेतू नाही, पुढची चूक टळावी हा आहे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे

शिक्षक आणि तंत्रज्ञांची अडचण खोटी नाही. काम करणारे हात कमी, त्यात काही कंत्राटी, रुग्णांची गर्दी. एका विद्यार्थ्यासमोर अर्धा तास उभं राहून बघायला वेळ कुठून आणणार? मग लॉगबुकवर महिन्याच्या शेवटी एकदम सह्या होतात. विद्यार्थ्यांचीही बाजू आहे. अनेकदा त्यांना फुकटचा मजूर म्हणून वापरलं जातं, शिकवणं बाजूला राहतं. न शिकवता परीक्षा कडक केली, तर नापासाचा शिक्का गरीब घरच्या पोरावर बसेल आणि संस्था मोकळी राहील.

आणखी एक धोका आहे. प्रत्येक चुकीला गुण कापले, ओरडा बसला, तर पोरं चूक लपवायला शिकतात. रक्तपेढीत लपवलेल्या चुकीइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. ‘सर, माझ्याकडून नळ्यांची अदलाबदल झाली असं वाटतं, पुन्हा करतो’ असं सांगणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण वाढले पाहिजेत. कडक परीक्षा जीवघेण्या पायऱ्यांसाठी आणि मोकळेपणा चूक सांगण्यासाठी, या दोन्ही गोष्टी एकत्र चालू शकतात.

कमी खर्चात काय करता येईल?

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवी इमारत किंवा यंत्र लागत नाही. रक्त दिल्यावर रुग्णाचा आणि पिशवीचा नमुना सात दिवस जपून ठेवावाच लागतो. त्यातले काही नमुने नाव झाकून विद्यार्थ्याला दिले आणि त्याचं उत्तर रजिस्टरमधल्या उत्तराशी जुळवलं, की आंधळी चाचणी झाली. महिन्याला चार नमुने दिले तरी वर्षात अठ्ठेचाळीस होतात. लॉगबुकवर सही करताना ‘पाहिलं’, ‘मदतीनं केलं’, ‘स्वतः केलं’ असे तीन रकाने ठेवले तर अनुभवाच्या दाखल्याला अर्थ येईल. जीवघेण्या पायऱ्यांची एका पानाची यादी भिंतीवर लावता येईल, म्हणजे विद्यार्थ्याला आधीच माहीत असेल की कुठं माफी नाही.

तालुक्याच्या साठवण केंद्रात जाणाऱ्या तंत्रज्ञासाठी तर ही तपासणी दर सहा महिन्यांनी व्हायला हवी. तिथं काम कमी येतं, म्हणून हात विसरतो. महिन्यातून दोन क्रॉसमॅच करणाऱ्याला रोज वीस करणाऱ्यापेक्षा सरावाची गरज जास्त असते.

पालकांनी आणि नातेवाइकांनी काय विचारावं?

प्रवेश घेण्याआधी संस्थेला चार प्रश्न विचारा. कोर्सला कोणत्या विद्यापीठाची किंवा शासनाची मान्यता आहे, लेखी दाखवा. पास झाल्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? प्रशिक्षण कोणत्या परवानाधारक रक्तपेढीत होईल आणि किती महिने? मुलगा स्वतःच्या हातानं किती क्रॉसमॅच करेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर फी भरण्याआधी विचार करा.

शिकणाऱ्या मुलामुलींनीही आपली वही ठेवावी. आज काय स्वतः केलं, कुठं अडलं, कोणती गुठळी ओळखता आली नाही. नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा ही वही जास्त बोलेल.

आणि दवाखान्यात रक्त चढताना नातेवाइकांनी पिशवीवरचं नाव, नंबर, गट आणि मुदत वाचायला लाजू नये. सिस्टरनं तुमचं नाव दोनदा विचारलं तर चिडू नका, ती तिचं काम बरोबर करते आहे. आधी कधी रक्त चढलं असेल, त्रास झाला असेल, तर न विचारताही सांगा. रक्त चढताना थंडी वाजली, कंबर दुखली, लघवी लाल झाली, तर लगेच हाक मारा.

देशपातळीवर निर्गम परीक्षेचा नमुना ठरेल तेव्हा त्यात संगणकावरचे प्रश्न असतीलच. त्याच्या जोडीला एक टेबल, दोन नळ्या आणि समोर उभा राहून बघणारा परीक्षक असेल का, हे आरोग्य विद्यापीठानं, परिषदेनं आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवं. रात्री दोन वाजता पांढरकवड्याच्या किंवा पुसदच्या दवाखान्यात जो तंत्रज्ञ पिशवी हातात देईल, त्याला किती टक्के पडले होते हे बाळंतिणीला विचारता येत नाही. ते तिच्या वतीनं आधीच कोणीतरी नीट तपासलेलं असलं पाहिजे.